मुख्य स्विच व विद्युत् फलक यांची उंची : मुंबई उपनगरांतील नियमांचा इतिहास

इमारतीत येणारा विद्युत् पुरवठा ज्या ठिकाणी ग्राहकाच्या स्वाधीन होतो, त्या ठिकाणी तो संपूर्णपणे तोडता येईल असे साधन बसविणे कायद्याने आवश्यक असते. या साधनास मुख्य स्विच म्हणतात. त्याच्या जोडीला वीजमापक म्हणजे मीटर, वितळतारेचे कटआउट व पुढील मंडलांचे वितरण फलक असतात. ही सामग्री जमिनीपासून वा मजल्याच्या पृष्ठापासून किती उंचीवर असावी यासंबंधीचे नियम हा विद्युत् सुरक्षा संहितेचा एक लहान भाग होय. तो सामान्यतः तारतंत्र्यांपुरता, म्हणजे वायरमन मंडळींपुरता, मानला जातो. मुंबईच्या उपनगरांत मात्र पूर, आग व दाट वस्ती या तिन्हींमुळे त्याला नागरी महत्त्व आले आहे.

उंची ठरविताना चार गोष्टींचा विचार करावा लागतो आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशांनी ओढतात. स्विचची मूठ हाताच्या टप्प्यात हवी. अपघाताच्या वेळी स्टूल शोधत बसणे परवडत नाही. मीटरचे आकडे डोळ्यांसमोर यावेत. लहान मुलांचा हात उघड्या भागांपर्यंत पोहोचू नये. चौथी गोष्ट पाण्याची : फरशी धुण्याचे पाणी, भिंतीतून चढणारी ओल आणि पुराचे पाणी या सर्वांच्या वर फलक राहिला पाहिजे. पहिल्या दोन विचारांनी उंचीला वरची मर्यादा पडते, तर शेवटच्या दोहोंनी खालची. भारतीय स्त्रियांची सरासरी उंची सु. १५२ सेंमी. आहे. एवढ्या उंचीच्या व्यक्तीने हात सरळ वर केल्यास तो सु. १.८ ते १.९ मी. पर्यंत पोहोचतो. त्यापेक्षा वरचा स्विच म्हणजे घरातील निम्म्या माणसांना न मिळणारा स्विच होय. नियम करणाऱ्यांनी हा हिशेब फार उशिरा मांडला, हे पुढील इतिहासावरून दिसून येईल.

विजेच्या दिव्यांविषयीचे पहिले सुरक्षा नियम इंग्लंडमध्ये १८८२ साली तार व विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने तयार केले. त्यांचा मुख्य हेतू आगीचा धोका टाळणे हा होता. त्याच वर्षी मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटमध्ये व काही रस्त्यांवर विजेचे दिवे लावण्याचे काम एका कंपनीने घेतले. पण पुढच्याच वर्षी ती कंपनी मोडीत निघाली. भारतात विजेसंबंधीचा पहिला कायदा १८८७ मध्ये झाला. त्यानंतर १९०३ चा आणि मग दीर्घकाळ टिकलेला १९१० चा भारतीय विद्युत् अधिनियम आला. मुंबई बेटावर १९०५ पासून बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज या कंपनीने नियमित पुरवठा सुरू केला, तर १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्रातून वीज शहराला मिळू लागली. तथापि हा सर्व व्याप माहीम व शीव यांच्या अलीकडचा होता. खाडीपलीकडील साष्टीतील गावे रॉकेलच्या दिव्यांवरच होती.

उपनगरांचा स्वतंत्र जिल्हा १९२० मध्ये झाला. बोरिवलीपर्यंत विजेवरील आगगाडी १९२८ मध्ये धावू लागली. मात्र रुळांवरून वीज जात असली, तरी रुळांच्या दोहों बाजूंच्या घरांत ती अद्याप पोहोचली नव्हती. १९२९ मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली आणि टाटांकडून घाऊक वीज घेऊन ती वांद्रे, अंधेरी, घाटकोपर इ. भागांत वितरित करू लागली. कंपनीची स्वतःची वीजनिर्मिती डहाणू येथील केंद्राने १९९५ मध्ये सुरू झाली. महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. पण पालिका एक झाली तरी वीज एक झाली नाही. बेटावर पालिकेचा बेस्ट उपक्रम, उपनगरांच्या मोठ्या भागात खासगी कंपनी, तर भांडुप-मुलुंडकडे १९६० मध्ये स्थापन झालेले राज्य वीज मंडळ, अशी विभागणी झाली. मंडळाच्या वितरणाचे काम २००५ पासून महावितरण पाहते, तर उपनगरी कंपनीचा वितरण व्यवसाय २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेला. पुरवठादार वेगवेगळे असले, तरी मुख्य स्विचसंबंधीचा नियम सर्वत्र एकच राहिला, कारण तो केंद्रीय होता.

हा केंद्रीय नियमसंच म्हणजे १९५६ चे भारतीय विद्युत् नियम. १९३७ च्या नियमांची जागा घेणाऱ्या या संचाने जवळजवळ अर्धशतकभर काम केले. त्यातील नियम ३१ प्रमाणे पुरवठादाराने ग्राहकाच्या जागेत प्रत्येक जिवंत तारेवर पोहोचण्याजोग्या ठिकाणी, अग्निरोधक पेटीत बंदिस्त असा कटआउट बसवावा लागे. नियम ५० प्रमाणे पुरवठ्याच्या आरंभबिंदूनंतर शक्य तितक्या जवळ, सहज पोहोचता येईल व सहज चालविता येईल असा जोडस्विच किंवा मंडल खंडक आवश्यक होता. ‘सहज पोहोचता येईल’ या शब्दांपलीकडे मूळ नियमात सेंटिमीटरांचा उल्लेख नव्हता. किती उंचीपर्यंत सहज पोहोचता येते हे विद्युत् निरीक्षकाच्या व प्रत्यक्षात तारतंत्र्याच्या विवेकावर सोडलेले होते.

जेथे आकडे होते ते फलकासमोरील व मागील मोकळ्या जागेचे. मध्यम व उच्च दाबाच्या फलकासमोर किमान १ मी. रुंदीची मोकळी जागा नियम ५१ ने बंधनकारक केली. फलकामागे उघड्या जोडण्या असल्यास मागील जागा २० सेंमी. पेक्षा कमी किंवा ७५ सेंमी. पेक्षा अधिक असावी, आणि ७५ सेंमी. पेक्षा अधिक असल्यास तेथे १.८ मी. उंचीपर्यंत मोकळी वाट असावी, असेही त्यात म्हटले होते. हा नियम प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. पण त्यामागील विचार नेमका आहे. २० सेंमी. च्या फटीत माणूस शिरूच शकत नाही आणि ७५ सेंमी. मध्ये तो अंग न लावता काम करू शकतो. धोका असतो तो या दोहोंमधील जागेत, जेथे माणूस कसाबसा शिरतो आणि अडकतो. अंधेरी-मरोळ भागातील कारखान्यांत हा नियम बव्हंशी पाळला गेला, कारण तेथे निरीक्षण होत असे. निवासी इमारतींच्या जिन्याखालील मीटर-खोल्यांतही तीन प्रावस्थांची ४०० व्होल्टची वीज येत असल्यामुळे तो तितकाच लागू होता. परंतु तेथे फलकासमोरील एक मीटरची जागा सायकली, जुने पत्रे व रंगाचे डबे यांनी व्यापलेली असे.

उंचीचे पहिले स्पष्ट आकडे कायद्यातून नव्हे तर मानकांतून आले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने (१९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो) तारजोडणीविषयी आयएस ७३२ ही व्यवहारसंहिता प्रसिद्ध केली. तिची १९६३ ची आवृत्ती पुढील पिढीतील कंत्राटदारांच्या वापरात होती. १९८९ व २०१९ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. या संहितेनुसार फलकाचा तळ मजल्यापासून १.२५ मी. च्या खाली असू नये. फलक दाराने पूर्णपणे बंद होत असेल किंवा फक्त अधिकृत व्यक्तीच तेथे जाऊ शकत असेल, तर ही अट लागू होत नाही. वितरण फलक वितळतार बदलता येईल अशा ठिकाणी व मजल्यापासून २ मी. पेक्षा उंच नसावा असेही तीत सांगितले होते. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत ही मर्यादा १.८ मी. झाली. मीटर वाचण्यास सोयीच्या उंचीवर व शक्यतो जमिनीपासून १ मी. च्या खाली नसावा. शेगडी व मोरी यांच्या वर, तसेच न्हाणीघरात व शौचालयात फलक बसविण्यास मनाई होती.

मुंबईच्या घरांत ही शेवटची अट सर्वांत अधिक मोडली गेली. एका खोलीच्या बिऱ्हाडात मोरी, ओटा व दार ही तिन्ही दोन पावलांत असल्यावर फलकासाठी उरणारी भिंत म्हणजे दाराच्या चौकटीवरची. जुन्या चाळींतून लाकडी फळीवर बसविलेला लोखंडी पेटीचा मुख्य स्विच व चिनी मातीचे कटआउट, ज्यांना ‘किटकॅट’ म्हणतात, हे तेथेच छताखाली आढळतात. त्यामुळे मुले व पाणी यांपासून फलक सुरक्षित राहिला, पण वितळतार जळाली की घरातील स्त्रीला शेजारच्या मुलाला हाक मारावी लागे. या प्रथेला निष्काळजीपणा म्हणणे योग्य होणार नाही. जागेच्या टंचाईने काढलेला तो तोडगा होता. डोंगरउतारावर वसलेल्या घाटकोपरमधील वस्त्यांत वेगळीच रीत पडली. तेथे गल्लीच्या तोंडाशी एका फळीवर अनेक घरांचे मीटर शेजारीशेजारी बसविण्यात आले आणि घरमालकाचा स्विच व त्याचे घर यांत काही वेळा वीस-पंचवीस पावलांचे अंतर पडले.

पंधरा मीटरवरील इमारती : उंच इमारतींची संख्या वाढल्यावर १९५६ च्या नियमांत दुरुस्तीने नियम ५०-अ घालण्यात आला. १५ मी. पेक्षा उंच इमारतीत पुरवठ्याच्या आरंभबिंदूपाशी सर्व प्रावस्था तोडणारे साधन ठळक जागी व जमिनीपासून २.७५ मी. पेक्षा अधिक नाही अशा उंचीवर बसवावे, म्हणजे आणीबाणीत संपूर्ण इमारतीचा पुरवठा तोडता येईल, असे त्यात सांगितले होते. वीजवाहिन्यांच्या नळीमार्गात प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक आडोसा असावा व त्या मार्गातून इतर नळ नेऊ नयेत, हीही अट त्यातच होती.

२.७५ मी. हा आकडा जवळजवळ नऊ फुटांचा आहे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत राहत्या खोलीची किमान उंचीही २.७५ मी. च होती. म्हणजेच खोलीच्या छताला टेकलेला स्विचसुद्धा नियमात बसत होता. ‘आणीबाणीत’ या शब्दाशी ही मर्यादा मुळीच जुळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत् संहितेत स्विचच्या मुठीचा मध्य सर्वांत वरच्या स्थितीतही सु. २ मी. च्या वर जाता कामा नये असा दंडक आहे. इंग्लंडमध्ये १९९९ पासून नव्या घरांतील साधे स्विच व प्लग ४५० ते १,२०० मिमी. च्या पट्ट्यात बसविण्याचे बंधन आले. त्यात चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीचा विचार आहे. भारतीय नियमाने मात्र स्विच ठळक दिसावा याची काळजी घेतली, तो हाती लागावा याची घेतली नाही.

२६ जुलै २००५ : या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली. मिठी नदीच्या काठच्या कुर्ला, कलिना इ. भागांत तळमजले पाण्याखाली गेले, आणि त्यांबरोबर तळमजल्यावरील मीटर-खोल्याही. पाण्यात वीज उतरून माणसे दगावू नयेत म्हणून उपनगरांच्या फार मोठ्या भागाचा पुरवठा बंद ठेवावा लागला. काही भागांत तो कित्येक दिवस परतला नाही. त्या काळात लोकांचा रोष पुरवठादारांवर होता. पण पाणी ओसरताच वीज का आली नाही याचे कारण समजण्यासाठी मीटर-खोलीत पाहावे लागते. पाण्यात बुडालेल्या फलकात चिखल व क्षार राहतात, निरोधकातून प्रवाह झिरपतो आणि घाईने स्विच ओढल्यास तेथेच ठिणगी पडते. १९५६ च्या नियमांनुसार जिवंत तार व जमीन यांमध्ये ५०० व्होल्ट दाब एक मिनिट दिला असता निरोधन-रोध किमान १ मेगोहम भरावा लागतो. फलक धुऊन, वाळवून ही चाचणी प्रत्येक इमारतीत घ्यावयाची म्हणजे हे काम दिवसांचेच होते.

त्या पुराने संहितेतील आकड्यांची परीक्षा घेतली. मीटर १ मी. वर व फलकाचा तळ १.२५ मी. वर ठेवणारा नियम ओल व फरशीचे पाणी यांसाठी पुरेसा होता. छातीभर पाण्यासाठी तो केलेलाच नव्हता. त्यातही अनेक इमारतींत तेवढी उंचीदेखील राहिली नव्हती. १९८० नंतर खांबांवर उभ्या केलेल्या, खाली वाहने ठेवण्याची सोय असलेल्या इमारती वाढल्या. त्यांत मीटर-केबिन त्याच खालच्या पातळीवर, भिंतीच्या कोपऱ्यात बसविली जाते. तेथे जोते नसते. जुन्या घराला दोन-तीन पायऱ्यांच्या जोत्याने जी उंची आपोआप मिळत होती, ती येथे नाहीशी झाली.

याहून सूक्ष्म अडचण ‘जमीन’ या शब्दाची आहे. कायदा उंची जमिनीपासून मोजतो व मानक मजल्यापासून. परंतु उपनगरांतील रस्ता स्थिर नसतो. डांबराचे थरावर थर चढून तो वर येतो आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची सोसायटी रस्त्याच्या मानाने खड्ड्यात जाते. अंधेरी, घाटकोपर येथील जुन्या इमारतींच्या आवारात रस्त्यावरून खाली उतरावे लागते असे दृश्य नेहमीचे आहे. फलक भिंतीवर आहे तेथेच असतो, कागदोपत्री त्याची उंची १.२५ मी. च असते, रस्त्याच्या पातळीपासून मोजल्यास मात्र ती ७० किंवा ८० सेंमी. भरते, आणि पाणी साचते ते रस्त्याच्या पातळीवरून. खरे पाहता अशा शहरात उंची मोजण्याचा आधार इमारतीचा मजला न धरता त्या जागी पूर्वी चढलेल्या पुराची रेषा धरावयास हवा. धरणे, पूल व उपकेंद्रे यांच्या अभिकल्पात तो धरतात. जिन्याखालच्या मीटर-खोलीसाठी कोणी धरत नाही.

२००३ च्या विद्युत् अधिनियमाने १९१० चा कायदा रद्द झाला, तरी नवे विनियम होईपर्यंत १९५६ चे नियम चालू राहिले. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाचे सुरक्षा व पुरवठाविषयक विनियम २०१० मध्ये आले. त्यांत १५ मी. वरील इमारतींच्या तोडसाधनाची कमाल उंची २.७५ मी. वरून १.७० मी. करण्यात आली. बदल एका ओळीचा असल्याने त्याची फारशी चर्चा झाली नाही. पण मुंबईसारख्या शहरात त्याचा अर्थ मोठा होता. प्रथमच मुख्य स्विच सरासरी उंचीच्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीजवळ आला. फलकाचा तळ १.२५ मी. च्या वर व मूठ १.७० मी. च्या खाली या दोन्ही अटी उघड्या फलकाने पाळावयाच्या तर केवळ ४५ सेंमी. ची पट्टी उरते. दाराच्या बंदिस्त पेटीला खालची अट नसल्याने नव्या इमारतींत सर्रास तशा पेट्या वापरल्या जातात, आणि त्यांचा तळ बहुधा गुडघ्याच्या उंचीवर येतो. अग्निशामक जवानाच्या हाताची सोय झाली, पण पुराची अडचण पुन्हा उभी राहिली. २०२३ मध्ये या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली.

जिना व आग यांविषयी राष्ट्रीय बांधकाम संहिता अधिक ठाम आहे : जिन्याच्या मार्गात विद्युत् फलक असताच कामा नये. मीटर-खोली जिन्याखाली असल्यास तेथील ठिणगीचा धूर जिन्यातूनच वर चढतो आणि रहिवाशांची बाहेर पडण्याची एकमेव वाट तोच बंद करतो. संहिता जुन्या इमारतींना आपोआप लागू होत नसल्याने चार मजली, उच्चालक नसलेल्या हजारो इमारतींत हा दोष कायम आहे.

अशी मीटर-खोली वर उचलणे वाटते तितके सोपे नाही. २० बिऱ्हाडांच्या इमारतीत मीटरपासून घरांकडे किमान ४० तारा जातात, शिवाय भूयोजनाच्या वेगळ्या. फलक अर्धा मीटर वर नेला म्हणजे यांतील बऱ्याच तारा नव्याने ओढाव्या लागतात किंवा त्यांना जोड द्यावे लागतात, आणि प्रत्येक जोड हे पुढे तापण्याचे ठिकाण ठरू शकते. मीटरांच्या तीन ओळी असल्यास खालची १ मी. वर असता वरची सु. १.८ मी. वर येते; खालची ओळ १.५ मी. वर नेल्यास वरची २.३ मी. वर जाते व तिचे आकडे दिसत नाहीत. तेव्हा ओळी कमी करून फलक रुंद करणे हा एकच मार्ग उरतो आणि त्यासाठी भिंत लागते. मीटर व त्यापर्यंतची वाहिनी पुरवठादाराची, पुढील तारजोडणी ग्राहकाची व जागा सोसायटीची असल्यामुळे निर्णय तिघांचा असतो, खर्च मात्र सामान्यतः स्थलांतर मागणाऱ्याच्या माथी पडतो. काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे लागते. सखल भागांतील काही सोसायट्यांनी २००५ नंतर मीटर पहिल्या मजल्याच्या अर्ध्या जिन्यापर्यंत वर नेले. त्यांत पाण्याचा धोका गेला आणि फलक जिन्याच्या वाटेत आल्याने आगीचा वाढला.

उंचीचा प्रश्न केवळ निवासी इमारतींपुरता नाही, हे १८ जुलै २०२१ रोजी दिसले. त्या दिवशीच्या अतिवृष्टीत भांडुप येथील जलशुद्धीकरण संकुलात पाणी शिरून तेथील विद्युत् यंत्रणा बंद करावी लागली, आणि मुंबईच्या मोठ्या भागाचा पिण्याच्या पाण्याचा पुरवठा खंडित झाला.